लाव्हॉनच्या सायकलची सीट

सोमवार, १० जून

लाव्हॉनचा फोन येऊन गेला. मी गवत कापत होतो, ऐकूच आला नाही. निरोप ठेवलाय — "आर्लन, बावीस तारखेला, शनिवारी, ज्यूडीचा पिकअप घेऊन येते. माझी सायकल न्यायचीय." बस्स! चौतीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याशी बोलायला एवढंच. एप्रिलमध्ये ज्यूडीकडे, तिच्या बहिणीकडे राहायला गेली तेव्हा निदान चिठ्ठी तरी दोन पानी होती.

निरोप तीनदा ऐकला.

मंगळवार, ११ जून

सायकल गॅरेजमधून बाहेर काढली. लाव्हॉनची एकच तक्रार — सीट खाली सरकते. अकरा वर्षं ऐकत आलोय. माझं उत्तरही ठरलेलं: "बोल्ट नीट आवळत नाहीस. सगळे तुझ्या मनाचे खेळ!" कागदाच्या गिरणीत तीस वर्षं यंत्रं सांभाळली मी, एका सीटचं काय घेऊन बसायचं!

आज आवळला. पाना कुरकुरेपर्यंत. ती येईल तेव्हा सीट पक्की असली पाहिजे. मग म्हणेन, बस, कॉफी घेऊन जा. बसेलही कदाचित.

गुरुवार, १३ जून

नदीकाठच्या रस्त्याने चक्कर मारली. पुलापर्यंत ठीक. पुढे गुडघे वर यायला लागले. उतरून पाहतो तर सीटचा दांडा चार बोटं नळीत आत गेलेला! वर ओढला, आवळला. अर्ध्या मैलात पुन्हा तेच.

शेजारचा जीन कुंपणावरून बघत होता. "काय रे, सर्कशीत लागलास का? अस्वलाला सायकलवर बसवल्यासारखा दिसतोयस!" हसलो. घरात येऊन हसू टिकलं नाही. मनाचे खेळ नव्हते तर.

शुक्रवार, १४ जून

दर शुक्रवारी आम्ही दोघं हॉटेलात तळलेली मासळी खायला जायचो, आज गेलो नाही. दोघांचं टेबल एकट्याने कसं अडवायचं?

रविवार, १६ जून

दांडा बाहेर काढला. केवढं ग्रीस! माझंच. दर मे महिन्यात दोन्ही सायकली खोलून भरतो. इथल्या बर्फात आणि रस्त्यावरच्या मिठात काहीही गंजून जाम होतं, म्हणून ग्रीस हवंच. तिला वाढदिवसाचं फूल कधी दिलं नसेल, पण ग्रीस एकही वर्ष चुकलं नाही.

पुसून कोरडा केला, पॉलिशच्या कागदाने घासला. तरी चर्चला जाताना सीट सरकली म्हणून दोनदा उतरलो. पाद्रीबाईंनी विचारलं, "लाव्हॉन कशी आहे?" म्हटलं, मजेत. मला काय माहीत कशी आहे!

मंगळवार, १८ जून

शेवटी प्रिबिलच्या सायकलच्या दुकानात गेलो. मुकाट्याने. तीस वर्षांचा मिस्त्री दुसऱ्याच्या दारात!

प्रिबिलने दांडा मोजला. "सायकल कुठून घेतली होती?"

"चर्चच्या जुन्या बाजारातून. बायकोसाठी."

"मग दांडा कोणीतरी भलताच घातलाय. नळीपेक्षा केसभर बारीक. कितीही आवळा, सरकणारच. आणि नळीत एवढं ग्रीस कुठल्या शहाण्याने भरलं?"



मग त्याने दांडा उजेडात धरला. "हे ओरखडे बघा, घासूनही गेले नाहीत. कोणीतरी कॅनचा पत्रा कापून पट्टी करून आत घालत होतं. जुनी युक्ती आहे. चांगली चालते. काढली कुणी?"

ती पट्टी मी पाहिली होती! दर मे महिन्यात दांडा ओढला की बरोबर यायची — चुरगळलेली, माझ्याच बिअरच्या कॅनची. कुठून कचरा शिरतो म्हणायचो, कचऱ्याच्या डब्यात टाकायचो. वर ग्रीस.

अकरा मे. अकरा पट्ट्या. एकदाही वाटलं नाही की एवढा सरळ कापलेला कचरा कसा असेल.

नवा दांडा बसवून घेतला. बरोब्बर मापाचा.

बुधवार, १९ जून

दहा मैल फिरलो. सीट हलली नाही. आनंद व्हायला हवा होता.

शुक्रवार, २१ जून

कॉफी आणली, तिची. स्वयंपाकघर पुसलं. सांगायचं की नाही? न सांगता सायकल दिली तर वाहवा मिळेल. सांगितलं तर — नाही, सांगायचंच.

शनिवार, २२ जून

आली. अंगणात दोन चकरा मारून पाहिल्या, उतरली. मी सगळं सांगितलं, एका दमात. म्हणाली, "माहितेय मला. दर वर्षी डब्यात दिसायची. मी वाटच बघायचे, की एकदा तरी विचारशील — लाव्हॉन, हे काय आहे?"

मग खिशातून पत्र्याची पट्टी काढली. ज्यूडीच्या घरी कापून आणलेली. "आता नको ही," म्हणाली, आणि माझ्या हातात दिली. कॉफीला थांबली नाही.