सरकीच्या रीतीनं लावलेला कोबी

२० ऑगस्ट १८६४, शनिवार. उमरावती.

आजपासून रोजनिशी. वही मुंबईची, कातडी बांधणीची. कोणी वाचणार नाही, म्हणून सगळं खरं लिहिणार.

कापसानं साऱ्या गावाचं भलं केलं, माझंही केलं. पण कचेरीत साहेबांपुढं मला अजून उभंच राहावं लागतं. शेजारचे भगवंतराव मात्र बसतात. त्यांना चेअर आहे! कारण काय, तर गेल्या नाताळात त्यांनी बंगल्यावर डाली नेली, म्हणजे भाज्या-फळांनी सजवलेली टोपली. त्यातली वांगी पाहून साहेब खूष झाले. वांग्यांवर चेअर!

आज साहेबांनी विलायती बियांची पाकिटं वाटली. मला दोन. एक कोबी, एक फुलकोबी. निश्चय: या नाताळात डाली माझी, आणि माझ्याच परसातली.

२१ ऑगस्ट.

एक अडचण. माळी आहे पण त्याचा मळा राहिला नाही. विहिरीवरचा मळा माझ्या मालकीचा. तिथं नत्थुजी माळ्याचं घर तीन पिढ्या भाजी पिकवत आलं. यंदा मृगात मी तिथं कापूस पेरला. सगळेच पेरतात. एकाच हंगामापुरता, असं त्याला सांगितलंय. तो काही बोलला नाही, म्हणजे त्याला पटलं.

बायको मात्र बोलते. दुर्गाबाई म्हणाली, साऱ्या गावात मेथीची जुडी भेटत नाही, कापसाची भाजी करू काय? बायकांना बाजार कळत नाही.

२४ ऑगस्ट.

पेरणी केली. सरकी पेरण्याआधी शेणमातीत घोळतात, उन्हात वाळवतात, मग तिफणीनं पेरतात. पंचवीस वर्षं करतोय. कोबीनं काय पाप केलंय? तसंच केलं. चांगलं तीन बोटं खोल. परस जरा अरुंद. वळताना बैलांनी तुळशीवृंदावन पाडलं. दुर्गाबाई दोन्ही वेळा जेवली नाही.

नत्थुजीला मुद्दाम बघायला बोलावलं होतं. म्हणाला, मालक, हे सरकी नोहे. इतलं बारीक बी शेनात घोळता काहून? राखेत मिसळून वाफ्यावर नुसतं भुरभुरा, वरून पळसाची पानं झाका. चार पानं फुटली का सांजच्या पारी उपटून दुसरीकडं लावा.

समजलो. मळ्याचा राग आहे. उलटंसुलटं सांगून माझी डाली बुडवायची. ज्याला आपलं मानलं तोच असा.

ता.क. पाकिटांत बी निम्मंच निघालं. साहेबांना विचारता येत नाही.

८ सप्टेंबर, सकाळी ७.

उगवलं! दाट! नत्थुजीला हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, हा काटेमाठ होय मालक, तन हाय, शेनातून आला. माझ्यावर जळतो, दुसरं काय! दुर्गाबाई विळा घेऊन भाजीला खुडायला निघाली होती. वेळेवर पाहिलं म्हणून कोबी वाचला. रखवालीला गडी बसवला.

२ ऑक्टोबर.

कोबी कमरेइतका. गोल होत नाही, उंच होतोय. काटे आलेत. विलायती लोक हुशार, चोरांचा बंदोबस्त झाडातच करून ठेवतात. भगवंतराव कुंपणावरून डोकावले आणि लगबगीनं आत गेले. धास्तावले असावेत.

१९ नोव्हेंबर.

अजून गड्डा धरत नाही. सहज म्हणून नत्थुजीला विचारलं. म्हणाला, फुलकोबीचं फूल दिसलं का वरची पानं त्याच्यावर बांधा, ऊन लागत नाही, पांढरं रायते. दिवसभर बसून शेंडे बांधले. दोन्ही हात सोलून निघाले. नत्थुजी हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

याला फुलकोबीचं एवढं कुठून ठाऊक? विचारायचं राहिलं.

२३ डिसेंबर. दुपारी.

पीक वाळलं. नुसते काटे. डालीला दोन दिवस.

दारात नत्थुजी आणि त्याची बायको तानुबाई. टोपलीत पाच कोबी आणि तीन फुलकोबी, दुधासारखे. बी माझंच! दुर्गाबाईनं पेरणीआधीच निम्मं काढून तानुबाईला दिलं होतं. तानुबाईनं घरामागं खाटेएवढ्या वाफ्यात, डोक्यावरून पाणी वाहून ते वाढवलं. चार महिने माझ्याच घरात फितुरी चाललेली आणि मी काट्यांची रखवाली करतोय!

नत्थुजी म्हणाला, घेऊन जा मालक, तुमचंच म्हना. आमाले काई नाई पायजे. फकत पाडव्याले मळा द्या. पोटाचं जाऊ द्या, पन इहिरीवर गेल्याबिगर हिले करमत नाई.

मी शब्द दिला. देव्हाऱ्यापुढं बेलभंडार उचलून दिला. माणसानं मन मोठं ठेवावं.

२५ डिसेंबर, रविवार.

चेअर मिळाली! वेताची. भगवंतरावांच्या शेजारीच. त्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

साहेबांनी दुभाष्याकरवी विचारलं, इतका उत्तम माल पिकवला कसा? मी सरकीची रीत सांगितली. शेणकाला, ऊन, तिफण, तीन बोटं. साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. नत्थुजी टोपली धरून मागं उभा होता. त्याचं नाव घ्यायचं गडबडीत राहून गेलं.

१८ फेब्रुवारी १८६५.

साहेबांनी बंगल्यावरचं विलायती फुलांचं सगळं बी माझ्या रीतीनं पेरलं. एकही उगवलं नाही. तिकडची जमीनच हलकी, त्याला मी काय करू? आज बोलावणं आलं. गेलो तर चेअर उचललेली. उभ्यानं ऐकून घेतलं, दुभाष्यानं तर चवीनं सांगितलं. एवढ्या मोठ्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती.

कापूस अजून तेजीत आहे. मळ्यात आणखी एक हंगाम सहज निघेल. बेलभंडाराचं म्हणाल तर बेल वाळलेला होता. वाळल्या बेलाची शपथ धरत नाहीत, असं कुठंतरी ऐकलंय.

२७ मार्च.

मळ्यात वखर घातला. नत्थुजीला नंतर समजावून सांगू. पाच कारणं काढून ठेवलीत, पाचही भक्कम.

२८ मार्च, मंगळवार. पाडवा.

गुढी उभारून झाली तोच नत्थुजी आणि तानुबाई रस्त्यानं येताना दिसले. दुर्गाबाईला म्हटलं, मी अकोल्याला गेलोय, पंधरा दिवस येत नाही, असं सांग. आणि कापसाच्या कोठीत शिरलो.

ऐकू आलं ते असं. दुर्गाबाई म्हणाली, कोठीत बसले हायेत, जा आत.

लग्नाची बायको! सणाच्या दिवशी!

नत्थुजीनं दार ढकललं. मी छातीपर्यंत कापसात. पगडीवर, मिशांवर कापूस. तो उंबऱ्याशीच थांबला. मी पहिलं कारण सुरू करणार, तेवढ्यात म्हणाला, मालक, काल मळ्यात तुमचा वखर चालून रायलेला पायला. तवाच समजलं. आमी दर्यापूरले चाललो. तिथं एकानं इहीर देली. न सांगता जाणं बरं नोहे, म्हनून आलो.

खाली वाकला, नमस्कार केला आणि गेला. एकही कारण विचारलं नाही. पाचही तशीच राहिली.

दुर्गाबाई तानुबाईची ओटी भरून तिला वेशीपर्यंत पोचवायला गेली. आली ती थेट चुलीपाशी बसली. ताट वाढून पुढं ठेवलं आणि स्वतः उठून गेली.

नत्थुजीनं ऐन सणाला दगा दिला, असं लिहायला वही उघडली होती. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. तो नमस्कार करत होता तेव्हा मला त्याच्या तोंडाकडं बघता आलं नाही.