जबलपूरचं पाणी कितीला उकळतं

प्रिय विनता,

परवा फोनवर तू म्हणालीस, "चल, मीटिंग आहे, ठेवते," आणि माझं अर्धं सांगायचं राहून गेलं. खरं तर फोनवर मला भांडताच येत नाही. समोरचं माणूस जरा ठामपणे बोललं की मी "अच्छा, अच्छा" करत सगळं मान्य करून टाकते आणि फोन ठेवल्यावर एकटीच उत्तरं देत बसते. म्हणून हे पत्र. कागदावर मला कोणी मध्येच तोडत नाही.

आधी घरचं सांगते. आई ठीक आहे, पण माझ्यावर चिडलेली आहे. गेले दोन रविवार मी गॅस अडवून नुसतं पाणी उकळवतेय. काल शेजारच्या काकूंसमोर म्हणाली, "येमेस्सी करून पानीच उकळून राहिली का वं? चहापत्ती तरी टाक त्याच्यात." बाबा फॅक्टरीतून आले की हात धुण्याआधी विचारतात, "काय म्हंते आज तुयं पानी?" त्यांना कळत काही नाही, पण मुलीचं काहीतरी महत्त्वाचं चाललंय एवढं कळतं. शेवटी आईच्या टोमण्यांना कंटाळून मी त्याच पाण्याचा चहा केला.

तुमच्या कंपनीचं, मुलांकडून प्रयोग करून घेणारं ॲप आमच्या कॉलेजात चाचणीसाठी यावं म्हणून मीच श्यामसुंदर सरांच्या मागे लागले होते, हे तुला माहीत आहे. ते विभागप्रमुख, मी अतिथी विद्वान, म्हणजे तात्पुरती शिक्षिका. नाव किती भारदस्त, नाही? पण दर सत्राला त्यांनी मान हलवली तरच ही अतिथी पुन्हा येणार. तरी मी हट्ट धरला. कारण माझा वर्ग बी. ए.च्या पहिल्या वर्षाचा. दहावीनंतर गणित सुटलं म्हणून सुटकेचा श्वास टाकलेली ही मुलं. आलेख दिसला की पान उलटतात. पण फोन तर सगळ्यांच्या हातात आहे. त्या फोनने त्यांनी स्वतः काही मोजलं तर आकड्यांची भीती जाईल असं मला वाटलं, आणि पहिला महिना तसंच झालं. बडा फुहाऱ्याच्या बाजारात कापडाच्या दुकानांसमोर उभं राहून त्यांनी गोंगाट मोजला. दुपारी आलेख खाली का येतो यावर वर्गात अशी जुंपली, की शेजारच्या खोलीतले सर डोकावून गेले. त्या दिवशी घरी येताना मला पहिल्यांदा वाटलं की मी खरंच शिकवते.

मग आला उकळत्या पाण्याचा प्रयोग.

ॲपसोबत आलेल्या तुमच्याच पेटीतले थर्मामीटर, तुमचंच ॲप. मुलांनी पाणी उकळलं, आकडा टाकला आणि एकामागून एक फोनचे पडदे लाल झाले: चूक. पुन्हा मोजा. पुन्हा लाल. थोड्या वेळाने एकेक पडदा हिरवा होऊ लागला आणि मी खूश झाले. मग वर्गात फिरले तर काय, थर्मामीटरवर अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा, आणि फोनमध्ये टाकलेला आकडा शंभर. कोणी कोणाची नक्कल केली नव्हती. प्रत्येकाने आपापल्या मनाशी ठरवलं होतं, की चूक आपलीच असणार.

एकच मुलगी अडून बसली. मनीषा नाव तिचं, मझौलीहून रोज बसने येते. जे दिसलं तेच ती टाकत राहिली, आणि शेवटी ॲपने तिचा प्रयोग बंद करून शून्य दिला. माझ्याकडे आली तेव्हा डोळे भरलेले. म्हणाली, "मैडम, मेरे हाथ से ही हर बार गड़बड़ होती है."

विनता, हे वाक्य माझं आहे. शाळेत, कॉलेजात मी ते कितीदा मनात म्हटलंय. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली पहिली मीच. भज्यांचा पुडा सोडला की बाबा तो तेलकट कागद सरळ करून माझ्यापुढे धरायचे, "वाच." मी वाचायची आणि ते म्हणायचे, "छापून आलं ना? मंग खरंच असन." छापलेल्याशी भांडता येतं हे मी पहिल्यांदा पाहिलं ते तुमच्या घरी. आपण अभ्यास करायचो आणि तुझे आजोबा, भय्यासाहेब, खिडकीत बसून पेन्सिल घेऊन वाचायचे. एकदा चहा द्यायला गेले तर पुस्तकाच्या समासात त्यांनी लिहिलेलं दिसलं, 'चूक. आधी पाहा, मग लिहा.' मला धक्काच बसला. पुस्तकाला चूक म्हणतात? तू हसलीस आणि म्हणालीस, "आमच्याकडे जेवणाआधी रोज एका लेखकाला झापतात." तुला ते जन्मापासून मिळालं होतं. मी ते तुझ्याकडून घेतलं.

तरी माझा स्वभाव तुला माहीत आहे. आधी मला वाटलं, थर्मामीटरच बिघडले असतील. बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहिले, शून्यच दाखवलं. मग वाटलं, आमच्या अधारताल भागातलं बोअरचं पाणी खारट. पण खारं पाणी उशिरा उकळतं, लवकर नाही. तरी केमिस्टकडून शुद्ध पाणी आणून उकळलं. आईचा राग त्याच दिवसापासूनचा. पुन्हा तेच, अठ्ठ्याण्णव आणि वर थोडंसं. मग वर्गातल्या एका मुलाच्या फोनमध्ये हवेचा दाब मोजायचा सेन्सर निघाला. दुसऱ्या दिवशी मी मुलांसमोर तो दाब फळ्यावर लिहिला, समुद्रकाठचा दाब शेजारी लिहिला, आणि खडू खाली ठेवला. मग मागून मनीषाच म्हणाली, "मैडम, यहाँ हवा कम दबाती है, तो पानी जल्दी छूट जाता है?"

जबलपूर समुद्रसपाटीपासून चारशे मीटरहून जास्त उंच आहे. शंभर हा आकडा समुद्रकाठचा. आमच्या मुलांनी आमच्या गावाचं खरं मोजलं होतं आणि दुसऱ्या गावाच्या उत्तरासाठी ते खोडून टाकलं होतं. तुमचा थर्मामीटर खरं बोलला, विनता, आणि तुमच्या ॲपने त्याला गप्प बसवलं.

त्या तासाला कोणाला पान उलटायचं नव्हतं. पण घंटा झाल्यावर मनीषाने विचारलं, "तो मैडम, मेरा ज़ीरो हट जाएगा ना?" मी शोधलं. शिक्षकाला गुण बदलायची सोयच तुमच्या ॲपमध्ये नाही. तो शून्य तिच्या अंतर्गत गुणांत जाणार, आणि शंभर टाकणारे सगळे पास.

श्यामसुंदर सरांकडे गेले. ते वाईट नाहीत, फक्त थकलेले आहेत. म्हणाले, "कलाजी, पानी सौ पे उबलता है, ये तो बच्चा भी जानता है. सौ को सौ रहने दीजिए." मी दाबाचं सांगितलं. त्यांना ते पटलं, हेच जास्त लागलं मला. म्हणाले, "सही कह रही हैं आप. पर एक लड़की के लिए पूरा प्रोजेक्ट रोकेंगी? अगले सत्र का भी तो सोचिए." पुढच्या सत्राचा अर्थ मला कळतो. आणि परवा तूही तेच म्हणालीस, जरा गोड करून. "सध्या हो म्हण, कला, पुढच्या आवृत्तीत बदलू. मुलांना बेसिक तर येऊ दे."

बेसिक काय असतं गं? शंभर पाठ असणं, की डोळ्यांना दिसलेलं लिहिण्याची हिंमत असणं? पाठांतराला फोन कशाला हवा? ते तर मी भज्यांच्या कागदावर शिकले होते.

मी हो म्हणणार नाही. पुढच्या बुधवारी कॉलेजच्या समितीसमोर चाचणीचा निकाल मलाच सांगायचा आहे, आणि मी सांगणार आहे की हे ॲप आत्ता आहे तसं घेऊ नका. ॲपला आधी गाव विचारू द्या, दाब विचारू द्या, शिक्षकाला गुण बदलू द्या, मग घ्या. आणि मनीषाचा शून्य हटेपर्यंत माझी सही कोणत्याही कागदावर होणार नाही. मला भीती वाटतेय, ते तुझ्यापासून काय लपवायचं. सकाळी बाबांना सांगितलं, नोकरी जाऊ शकते. त्यांनी थर्मामीटर उचलून उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "तुया डोयानं पायलं ना? मंग काहून भिऊन राहिली?" छापलेल्याला आयुष्यभर खरं मानणारे माझे बाबा.

आता हे सगळं आजच का लिहिलं ते सांगते. दुपारी श्यामसुंदर सरांकडून कळलं, की बुधवारी कंपनीकडून तू स्वतः येणार आहेस. फोनवर तू ते बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. पण तुझ्या तोंडावर नाही म्हणायचं ते तुला आधी न सांगता म्हणणं मला जमणार नाही. हे पत्र कुरियरने पाठवतेय, तू निघण्याआधी पोचेल. एक काम कर. पुण्यातल्या तुझ्या स्वयंपाकघरात पातेलं ठेव, तुमच्याच पेटीतला थर्मामीटर घे, पाणी खदखदू दे आणि दिसेल तो आकडा तुमच्या ॲपमध्ये टाक. पुणं आमच्यापेक्षाही उंच आहे. तुलाही शून्यच मिळेल. तो शून्य घेऊन ये. समितीने चाचणीतल्या मुलांनाही बोलावलंय, मनीषा पहिल्या बाकावर बसणार आहे. तिच्या शेजारची जागा मी तुझ्यासाठी धरून ठेवते.

बुधवारी समोर उभी असले तरी तुझीच,
कला