दाराच्या कडीची उंची

माझ्या घरधनिणीस लांबूनच सप्रेम नमस्कार.

खोकला आता फक्त सकाळीच येतो, काळजी करू नकोस. तुझी कंबर कशी आहे?

सध्या शहराचा एक जुना नकाशा दुरुस्त करतोय. काढणाऱ्याने गल्ल्या साखळीने मोजून तंतोतंत काढल्यात, झाडं मात्र मनाची. नदीवर पूलही आहे. साहेब म्हणाले, तो कधी बांधलाच गेला नाही. काढणाऱ्याला हवा होता म्हणून काढला. मी हसलो.

दुपारी मीही कागदावर आपलं घर काढलं, पावलं आठवून आठवून. दारात आपली छकुली काढली, मी निघालो तेव्हा होती तेवढीच. कडी तिच्यापासून हातभर उंच.

आता तिचा हात पोचतो का? वितीने मोजून कळव. चुकीचा नकाशा मी हातावेगळा करत नाही.

तुझाच,
नकाशेवाला