गाडीवरचे बारीक ओरखडे

बाबा, परवा कारंजा गावात गाड्यांच्या सामानाच्या दुकानात उभी असताना तुमचीच आठवण होत होती, म्हणून आज लिहायला बसले. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. हे गेले, त्यालाही आता तीन होतील. ह्यांची काळी गाडी दारात उभी आहे. रोज सकाळी ह्यांच्या जुन्या बनियनने मी ती पुसत आले, तीही कोरडीच. आपल्याकडची धूळ तुम्हाला माहीत आहे, हात धुवेपर्यंत परत बसते. आता उन्हात पाहिलं की बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे दिसतात. मुलीने गाडीला गिऱ्हाईक पाहिलं आहे, रविवारी येणार. गेल्या आठवड्यात ती म्हणाली, "आई, चालवत तं नाही, नुसती पुसत राह्यते. तूच पुसू पुसू खराब केली तिले." खरंच होतं ते. पण गाडी जावो की राहो, माझ्या हाताने झालेली खराबी मलाच काढायची होती.

मी दहा-बारा वर्षांची असेन. तुमच्या गाड्या रंगवायच्या दुकानात डबा घेऊन आले आहे. तुम्ही विहिरीवर हातपाय धुता आहात आणि मी नव्याने रंगवलेल्या लाल ट्रॅक्टरला राखेने घासते आहे, घरची भांडी घासावी तशी. दुसऱ्या दिवशी दसरा, मालक पूजेला ट्रॅक्टर नेणार. तुम्ही हात उगारला नाही. "अवं, हे काय पितळेचं गुंड हाय? रंग एकदा गेला की वापस येत नाही!" मग माझंच बोट धरून ओरखड्यावर आडवं फिरवलंत. "नख अडकते काय? नाही नं? मंग आधी मऊ औषध. जोर शेवटी."

परवा कारंज्याच्या दुकानदाराने आधी कंपाउंडचा, म्हणजे घासायच्या जाड पॉलिशचा, डबा काढला. "मावशी, हे न्या. एका हातात काच करून टाकते."

"रंगही काढत असेल."

"थोडासा तं निघतेच नं."

"मंग ठेव."

दुसरी बाटली नुसत्या मेणाची. त्याने ओरखडे बुजतात, चार वेळा धुतलं की पुन्हा वर येतात. मी चष्मा लावून बाटल्यांच्या पाठी वाचत राहिले आणि सगळ्यात बारीक पॉलिश घेतलं. तो हसला, "मावशी, गॅरेज टाकून राह्यल्या काय?" म्हटलं, "टाकलं तं तुयाकडूनच माल नेईन."

घरी गाडी भरपूर पाण्याने धुतली, सावलीत वाळू दिली. आधी डिक्कीच्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर करून पाहिलं. नव्या मऊ फडक्यावर चार थेंब, हलका हात. पुसलं, मोबाइलची बॅटरी धरली. जाळं गेलेलं. मग दोन दिवस एकेक पत्रा घेत गेले. दाराजवळच्या दोन ओरखड्यांत नख अडकलं. ते तसेच ठेवले. रंग पातळ करून ते काढण्यात शहाणपणा नव्हता. खांदे दुखताहेत, पण काम चांगलं झालं आहे. तुम्ही खोट काढली असती, तरी जास्त नाही.

गिऱ्हाइकाचा फोन आज संध्याकाळी आला. "मावशी, उद्या येऊ नं?" मी म्हटलं, "गाडी तं विकल्या गेली, दादा." गाडी दारातच आहे. मुलीला अजून सांगितलेलं नाही.