अकरावा रकाना

॥ श्री ॥
बालाजी घाट, वाराणसी
१२ जुलै १९९४

ती. बकुळताईस कस्तुरीचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. पंचगंगा वाचनालयातली नोकरी पक्की झाली. आप्पांनी नेमणुकीचा कागद धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात सगळ्यांना दाखवला. कागद उलटा धरला होता, पण कोणी हसलं नाही, उलट म्हाताऱ्या आचाऱ्याने हात धुऊन तो हातात घेतला.

काम मला आवडेल असंच आहे. वाचक कमी होत चाललेत म्हणून मंडळाने वर्षाची योजना आखली आहे. अध्यक्ष देवव्रत सर बैठकीत म्हणाले की जुने वाचक मेले नाहीत, त्यांचे गुडघे गेलेत. घाटाच्या पायऱ्या आणि आमचा जिना, दोन्ही त्यांना झेपत नाही. म्हणून दुपारी एक तास फक्त बायकांसाठी, मोठ्या टाइपाच्या पुस्तकांचं वेगळं कपाट, आणि ज्यांना येववत नाही त्यांना घरपोच पुस्तक, असं ठरलं. त्यासाठी मोहल्ल्यातल्या घरोघरी जाऊन माहिती भरायची. ते काम माझं.

कार्यवाह दत्तात्रेयराव मोठे हौशी. त्यांनी स्वतः कार्डं छापून आणली. नाव, वय, नजर कशी, कोणती पुस्तकं आवडतात, खोली कितव्या मजल्यावर, स्वतःची की भाड्याची, असे दहा रकाने. मी अकरावा सुचवला: विचारपूस करणारं कोण. कोणी आजारी आढळलं तर कळवायचं कोणाला, एवढाच हेतू. मंडळाने तो एकमताने घेतला आणि इतिवृत्तात माझं नाव आलं. ताई, आपल्या घरातलं नाव पहिल्यांदाच कुठल्या इतिवृत्तात आलं असेल.

मी नियमही करून घेतला. गावात राहणारं, रक्ताच्या नात्याचं आणि महिन्यातून एकदा तरी येणारं माणूस असेल तरच नाव लिहायचं, नाहीतर स्पष्ट ‘कोणी नाही’. ऐकीव काही लिहायचं नाही, शेजारी विचारून खात्री करायची. सराव म्हणून पहिलं कार्ड आप्पांचंच भरलं.

भावजींना नमस्कार. लोभ आहेच, पण पत्रांतून दिसू दे.

तुझी,
कस्तुरी

॥ श्री ॥
जबलपूर
२५ जुलै १९९४

चि. कस्तुरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा स्वतःसाठी आणि एकदा ह्यांच्यासमोर मोठ्याने, म्हणजे बहीण कोण आहे ते कळावं. चौथीनंतर मी भांडी घासायला लागले आणि तू शाळेत गेलीस, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. इतिवृत्त म्हणजे काय ते मात्र ह्यांना विचारावं लागलं.

तू लहानपणी डाळ निवडताना खडे मोजून ठेवायचीस, आठवतं? आता माणसं मोजायला लागलीस. चांगलं आहे. पण एक सांगू? मला तो तुझा अकरावा रकाना बरा वाटला नाही. आपली आई आठव. दुपारी दारात कोणी अनोळखी आला की घरात आपण दोघी पोरी असलो तरी ती आतून ओरडायची, अहो, बाहेर या, कोणी आलंय. आणि त्या माणसाला सांगायची की निजलेत, उठतील आता. आप्पा तेव्हा धर्मशाळेत असायचे. आईला अक्षर येत नव्हतं, पण घरात कोणी नाही हे तिने कधी कोणाला कळू दिलं नाही. तू ते छापून घेतेयस.

माझं अडाणी बोलणं मनावर घेऊ नकोस. आप्पांच्या खोकल्याला ज्येष्ठमध दे. अशीच मोठी हो आणि मला विसरू नकोस.

तुझी ताई,
बकुळ

॥ श्री ॥
बालाजी घाट
२० सप्टेंबर १९९४

ती. ताईस सा. न. वि. वि.

आईची गोष्ट वाचून हसू आलं. ती दारात आलेल्या चोराला सांगत होती, मी वाचनालयाला सांगते. यात फरक आहे.

पूर ओसरला. खालच्या पायऱ्यांवरचा गाळ अजून काढताहेत. आपली घरपोच सेवा मात्र एकाही मंगळवारी चुकली नाही. एकेचाळीस घरं झाली. झोळी खांद्याला लावून निघते ती दिवे लागायला परत. सीताआजींकडे सगळ्यात जास्त वेळ जातो. वय अठ्ठ्याहत्तर, तिसरा मजला, नदीकडची खोली, भाडेकरू. त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून मी वाचून दाखवते. पहिल्याच दिवशी म्हणाल्या की गल्लीत सांड मागे लागल्यासारखी वाचतेस, जरा दम खा. आता दर वेळी माझ्यासाठी दोन रेवड्या झाकून ठेवलेल्या असतात.

पंचगंगेच्या वरच्या गल्लीत नरहर गुरुजी आहेत, पाठशाळेतून निवृत्त. छपाईची चूक दिसली की ती चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवतात, पुस्तकावर पेन्सिल लावत नाहीत. रजिस्टर पाहिलं, अठ्ठावीस वर्षांत एकही पुस्तक उशिरा आलेलं नाही. म्हणून आश्चर्य वाटतंय, कारण त्यांचं पुस्तक दहा दिवस थकलं आहे. खोलीला कुलूप आहे. शेजारीण म्हणाली की कोणा भाविक शेठने वृद्धांसाठी मोफत द्वारकेची यात्रा काढली, गुरुजींना घ्यायला मोटार आली होती. नियमाप्रमाणे मी त्यांच्याच पत्त्यावर स्मरणपत्र टाकलं. हस, मला माहीत आहे ते तिथे नाहीत.

दत्तात्रेयरावांना माझं काम फार आवडलं. सगळी कार्डं ते रविवारी घरी घेऊन गेले, मंडळासाठी झेरॉक्स काढायच्या होत्या. सोमवारी परत दिली तेव्हा ज्या नऊ कार्डांवर ‘कोणी नाही’ होतं ती वेगळी काढून लाल दोऱ्याने बांधलेली होती. मला त्यांच्या टापटिपीचं कौतुक वाटलं. पण तो दोरा मी अजून सोडलेला नाही, का ते सांगता येत नाही.

उत्तर लवकर टाक. तुझ्या रागावण्याचीही सवय आहे मला.

कस्तुरी

॥ श्री ॥
जबलपूर
२ ऑक्टोबर १९९४

चि. कस्तुरीस आशीर्वाद.

थोडक्यात लिहिते, पाहुणे आहेत. त्या गुरुजींना परत कधी आणणार आहेत ते शेजारणीला विचार. तो शेठ कोण, त्याचं नाव विचार. आणि त्या दोऱ्यातली नऊ माणसं आज कुठे आहेत ते एकेकाच्या दारात जाऊन बघ. पुस्तकासाठी जातेय असं सांग. तुला खोटं बोलवत नाही, म्हणून खरं कारण देतेय.

जपून राहा. माझा जीव तिथे आहे.

बकुळ

॥ श्री ॥
बालाजी घाट
२१ ऑक्टोबर १९९४

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं.

गुरुजींच्या दाराला दुसरं कुलूप आहे. त्यांच्या जुन्या कुलपाला भगवा धागा बांधलेला असायचा. हे नवं, मोठं, पितळी. जिन्यात सिमेंटची पोती रचली आहेत. मजूर म्हणाला की इथे परदेशी लोकांसाठी गेस्ट हाउस होणार, नदीकडच्या खोल्या आधी. यात्रेची मोटार महिन्यापूर्वीच परत आली, रिकामी. शेठचं नाव कोणालाच माहीत नाही. त्याच मोटारीतून आमच्या वाचक कालिंदीबाई गेल्या आणि बिंदुमाधवाच्या देवळामागचे एक आजोबा गेले. मी घरी येऊन लाल दोरा सोडला. तिघेही त्या नऊ कार्डांत आहेत. तिघांच्याही खोल्या नदीकडे आहेत. खोलीचा रकानासुद्धा मीच भरला होता, ताई. नदीकडची असेल तिथे बाणासारखी खूण करून.

पोलीस चौकीवर गेले. तक्रारी लिहून घेणाऱ्या मुन्शीजींनी नीट ऐकून घेतलं, मग विचारलं की तुमचं त्यांच्याशी नातं काय. मी म्हटलं, वाचक आहेत. ते हसले, वाईट नाही, पण हसले. घरचं कोणी घेऊन या म्हणाले, यात्रेला गेलेल्या माणसाची तक्रार अशी घेता येत नाही. आणि घरचं कोणी नाही हे माझ्याच हाताने, खात्री करून, लिहिलेलं.

सोमवारच्या बैठकीत मी ‘घरपोच सेवेचा आढावा’ या विषयाखाली बोलले. जेवढं ठाऊक आहे तेवढंच बोलले, कोणाचं नाव घेतलं नाही. देवव्रत सरांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला आणि पुढचा विषय घ्या म्हणाले. इतिवृत्तात आलं की नरहर यांचे एक पुस्तक येणे आहे.

काल दत्तात्रेयरावांनी ते पुस्तक माझ्या टेबलावर आणून ठेवलं. म्हणाले, “घे तुझं पुस्तक. आता चौकशीचं काही बाकी नाही ना?” पुस्तक बंद खोलीतून त्यांच्याकडे कसं आलं ते मी विचारलं नाही. जाता जाता मात्र ते थांबले आणि फार मायेने म्हणाले, “बेटा, घरी तू आणि आप्पा, दोघंच ना? बहीण जबलपूरला.”

तुझ्याबद्दल मी त्यांना कधी बोलले नव्हते.

पुस्तकात पान एकशे बारावर गुरुजींची चिठ्ठी होती. छपाईच्या दोन चुका, आणि खाली: ‘सोमवारी परत येतो. दुसरा भाग राखून ठेवावा.’

सीताआजींनी परवा आनंदाने सांगितलं की त्यांनाही यात्रेचं बोलावणं आलंय. कार्तिकी एकादशी झाली की मंगळवारी सकाळी निघायचं. जन्मात कोणी कुठे नेलं नाही, म्हणाल्या. त्यांचा चेहरा पाहून मी काही बोलू शकले नाही.

काय करू ते लिही. तुझ्याशिवाय कोणाला विचारू?

कस्तुरी

॥ श्री ॥
जबलपूर
२७ ऑक्टोबर १९९४

चि. कस्तुरीस आशीर्वाद.

आधी राग आला, मग रडू आलं, मग ह्यांना सगळं वाचून दाखवलं. हे म्हणतात की कार्डं जाळून टाक. मी म्हणते, जाळू नकोस. त्या माणसाकडे झेरॉक्स आहेत, जळेल ते फक्त तुझं.

तू त्या आजींना खरं सांग. सगळं सांग, तू काय लिहिलंस तेसुद्धा. त्यांचा आनंद जाईल म्हणून गप्प बसलीस तर खोली जाईल, आणि खोलीबरोबर त्या जातील. तुझ्यावर रागावल्या तर रागावू देत. मोटार यायच्या आधी त्यांच्या दारात जाऊन बस. आणि न्यायला येणारा माणूस वर आला की आईसारखं कर. कोणीतरी आहे, एवढं त्याला दिसू दे.

ह्यांचा रेल्वेचा पास नोव्हेंबरअखेरीस मिळेल, मग येते. तोवर दार आतून लावत जा. आप्पांनासुद्धा सांग. ते बोलत नसले तरी त्यांना कळतं.

तुझी ताई आहे, हे ध्यानात ठेव.

बकुळ

॥ श्री ॥
बालाजी घाट
१६ नोव्हेंबर १९९४

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल सकाळी सहालाच सीताआजींकडे गेले. घाटावर आकाशदिव्यांच्या टोपल्या अजून बांबूंवर टांगलेल्या होत्या. आजी नवं लुगडं नेसून, बोचकं बांधून, दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. गुरुजी, कुलूप, लाल दोरा. शेवटी कार्ड काढून त्यांचा अकरावा रकाना वाचून दाखवला, दम खाऊन, हळू.

त्यांनी बोचकं मांडीवर ओढून घेतलं. मला वाटलं, यात्रा बुडाल्याचं दुःख असेल. मग म्हणाल्या, “दर मंगळवारी तू येतेस. मग कोणी नाही असं कसं लिहिलंस?”

मी म्हटलं, नियम रक्ताच्या नात्याचा होता. त्यांनी विचारलं, नियम कोणी केला. मी म्हटलं, मी.

ताई, मला इतकी शरम कधी वाटली नव्हती. त्या रेवड्या मी खात होते आणि कार्डावर तसंच राहू दिलं होतं.

त्यांनी बोचक्याची गाठ स्वतः सोडली. मोटारीतला माणूस वर आला तेव्हा आतूनच म्हणाल्या की आमची पोरगी आली आहे, काय ते तिच्याशी बोला. मी दारात उभी राहिले. तो माझ्याकडे नीट बघत राहिला, खिशातल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि उतरून गेला. मोटार बराच वेळ गल्लीच्या तोंडाशी उभी होती.

मग आजींनी मला अर्ज लिहायला बसवलं. गुरुजी, कालिंदीबाई आणि त्या आजोबांना शोधावं म्हणून. नात्याच्या ठिकाणी काय लिहू विचारलं तर म्हणाल्या, मंगळवारची, असं लिही. मी ‘दर मंगळवारी पुस्तक घेऊन जाणारी’ असं लिहिलं. खाली त्यांनी सही केली. देवव्रत सरांकडे नेला तेव्हा त्यांनी चष्मा न पुसता वाचला आणि सही केली. मुन्शीजींनी अर्ज ठेवून घेतला. वाचतील की नाही, माहीत नाही. गुरुजींचा पत्ता अजून नाही. दुसरा भाग मी कपाटातून काढून टेबलावर ठेवलाय.

उरलेल्या सहांपैकी, सीताआजी धरून, पाच जणांकडे काल दिवसभरात जाऊन आले, त्यांना विचारून अकराव्या रकान्यात माझं नाव आणि पत्ता घातला. खोटं नाही, कारण रोज जाणार आहे. आज कार्यवाहांच्या सहीचा कागद आला: घरपोच सेवा एक तारखेपासून बंद, सर्व कार्डं त्यांच्याकडे जमा करावीत. जमा करीन. पाच ठिकाणी माझं नाव वाचतील. त्यांच्याकडची जुनी नक्कल मात्र मला खोडता येत नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं आहे, ते आता सांगते. सरावासाठी पहिलं कार्ड भरलं होतं ना, आप्पांचं? खोली नदीकडची, भाड्याची. घरात एक मुलगी, म्हणजे मी. ती मोजायची नाही, तीच तर लिहिणारी. दुसरी जबलपूरला, म्हणून नियमात बसत नव्हती. तिथेही मी स्पष्ट अक्षरात ‘कोणी नाही’ लिहिलं होतं. दत्तात्रेयरावांच्या झेरॉक्समध्ये तेही आहे. दोऱ्यातलं सगळ्यात वरचं कार्ड तेच होतं.

आज ते खोडलं आणि तुझं नाव लिहिलं. पूर्ण पत्ता, जबलपूरच्या पिनकोडसकट. गावात नाहीस, पण नियम मी केला होता, मीच मोडला. माफ कर, आणि ते नाव खरं ठरव.

यापुढे दर सोमवारी मी तुला कार्ड टाकीन, दोन ओळींचं का होईना. एखाद्या आठवड्यात आलं नाही, तर टपालाला दोष देऊ नकोस. पासाची वाट पाहू नकोस. विचारायला ये.

तुझीच,
कस्तुरी