जबड्याची बिजागरी

तीर्थरूप बाबा,
तुमच्या धाकट्या सुताराचा नमस्कार.

ऑपरेशनात पायाचं हाड लावून बसवलेला डावा जबडा छान जुळलाय. पण गंमत बघा, ज्याला हातही लावला नाही तो उजवा सांधाही बदलतोय! एक्स-रेच्या फोटोत त्याचा गोळा थोडा सरकलेला दिसतो. फळी बदलली की जुनी बिजागरी नवा कल धरते, तसंच. माझं हे बोलणं ऐकून डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि बिजागऱ्यांबद्दल विचारत राहिले.

तोंड उघडावं म्हणून दातांत लाकडी पट्ट्यांची चवड धरायची असते. मावणाऱ्या पट्ट्यांचा आकडा वाढावा म्हणून मी पट्ट्या घासून पातळ केल्या. नर्सबाईंनी लगेच पकडलं.

आई अजून माझं ताट वाढते का? तिला सांगा, माझ्या तोंडात अठरा पट्ट्या मावतात. खऱ्या बाराच. तेवढ्या फटीतून चमचा जातो, घास नाही.

तुमचाच,
धाकटा