साहेब सोडून कोणीही

१३ ऑक्टोबर, रविवार
मनोरीला जाऊन आले. पक्षातल्या नाराजांची गुप्त बैठक! इतकी गुप्त, की मार्वेच्या जेट्टीवरच निलेशने सेल्फी टाकला. विषय एकच — आमदार चंद्रप्रकाश साहेबांना तिसऱ्यांदा तिकीट मिळता कामा नये.

"साहेब सोडून कोणीही चालेल!" — निलेश. आमचा युवा अध्यक्ष, वय सेहेचाळीस. मग हा 'कोणीही' म्हणजे कोण, यावर सुरमई थंड झाली. माजी नगरसेवक नाना म्हणाले, "माका तिकीट नको गो, पण लोकांचो आग्रह आसा." लोक म्हणजे त्यांचा जावई.

मी महिला आघाडीची अध्यक्ष, म्हणून चहाचं मलाच विचारलं.

माझं कारण सांगितलं. दहिसरची आमची चाळ साहेबांनी नारळ फोडून पाडली, बिल्डर त्यांचाच माणूस, टॉवर काही उगवला नाही. आम्ही अजून ट्रान्झिट कॅम्पात सडतोय. सगळे गंभीर झाले. मग निलेशने विचारलं, "शेवटची फेरीबोट किती वाजताची?"

१९ ऑक्टोबर
सांताक्रूझला वरिष्ठांना भेटलो. "भावना पोचल्या," म्हणाले. नजर मोबाइलवर.

२६ ऑक्टोबर
जिंकलो!! साहेबांचं तिकीट कापलं! निलेशने फटाक्यांची माळ लावली. माळ संपायच्या आत उमेदवाराचं नाव आलं — सौ. कुंदा चंद्रप्रकाश. साहेबांची बायको! पक्षाने आमचं शब्दशः ऐकलं.

सुशांतला हसता हसता ठसका लागला. नवऱ्याचा एवढाच आधार.

२७ ऑक्टोबर
नाना — "बाईमाणसाक विरोध कसो करूचो?" जावई विभागप्रमुख झालाय. निलेश प्रचारप्रमुख. त्याच्या स्टेटसवर 'नारीशक्ती'. झकास!

२९ ऑक्टोबर
अर्ज भरायचा शेवटचा दिवस. मी अपक्ष म्हणून भरला. सोबत सुशांत आणि शेजारच्या द्रौपदीबाई. सही केली खरी. कॉलेजात होते तेव्हापासून याच पक्षाचा झेंडा धरलाय.

संध्याकाळी साहेबांचा फोन. "मानसी, मागे घे. महामंडळ देतो."
"कुठलं?"
"ते बघू नंतर." मग आवाज बदलला. "सुशांत आपल्याच शाळेत शिकवतो ना?"
आपल्या! म्हणजे साहेबांच्या संस्थेच्या.

१ नोव्हेंबर
कुंदावहिनी कॅम्पात फराळ वाटायला! मागे साहेब, त्यांच्या मागे कॅमेरा. द्रौपदीबाईंनी करंजी घेतली नाही. वहिनींचा हात धरला आणि थेट सार्वजनिक संडासाकडे नेलं.

"कडी नाय दाराला. मी आत गेले की नात बाहेर उभी राहते, ती गेली की मी. आज नात घरी नाय. तुम्ही उभ्या राहता का, बाई? मला जायचंय."

आणि वहिनी उभ्या राहिल्या! पैठणी नेसून, दार धरून. निलेश घोषणा विसरला. साहेब गाडीत बसून हॉर्न वाजवत राहिले — वहिनी जागच्या हलल्या नाहीत. जाताना माझ्याकडे बघितलं फक्त. मला वाटलं, मतांसाठी माणूस काय काय करतं!

३ नोव्हेंबर
भाऊबीज. साहेबांची ओवाळणी पोचली — शाळेचा सुशांतला निरोप, "तूर्तास येऊ नका." तो म्हणतो, "मास्तर आहे मी, कुठेही शिकवीन. तू लढ." पण मघाशी बघितलं, मुकाट खडूचे डबे पिशवीत भरत होता. नाही बघवलं. उद्या माघारीची मुदत संपते. घेते मागे. मारे क्रांती करायला निघाले होते!

४ नोव्हेंबर
माघारीचा कागद घेऊन गेले. निवडणूक कार्यालयाच्या जिन्यात कुंदावहिनी उतरत होत्या, एकट्याच. माझ्या हातात बघितलं.
"फाड तो," म्हणाल्या. "मी घेतला माझा मागे. आता त्यांना दुसरा कोणी उभा करता येत नाही."
मी एवढंच विचारलं, "साहेबांना सांगितलंत?"
"नाही गं. पहिलं तुलाच."